आतडं जोडलं तरी पोटावर पिशवी कशाला?

गेल्या अंकात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीवर होते, मल गोळा करायला पोटावर लावतात ती पिशवी. ओपीडीत पण हेच दिसतं, कॅन्सर आहे म्हटल्यावर माणूस गप्प बसून ऐकून घेतो पण पिशवी हा शब्द आला की खुर्चीतून उठतो. म्हणून या वेळचं सदर सगळं त्याच विषयावर. नावं कुणाचीच देत नाहीये, गावं पण जिल्ह्यापुरतीच.

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे आहेत, आम्ही सांगली जिल्ह्यातले. त्यांना गुदाशयाचा (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा) कॅन्सर झालाय, गाठ शौचाच्या जागेपासून ५ सेंटीमीटरवर आहे. रेडिएशन आणि गोळ्या झाल्या, गाठ बरीच लहान झालीय, आता ऑपरेशन. सर्जन म्हणाले की आतडं खाली जोडता येईल, कायमची पिशवी नाही लागणार, पण तात्पुरती ३-४ महिने लावावी लागेल. नातेवाइकांच्या ओळखीतले एक जण म्हणतात रोबोटने केलं तर पिशवीची गरजच नाही. बाबांना शुगर आहे, तंबाखू आत्ताच सोडलाय. बाबा म्हणतात पिशवी लावणार असतील तर ऑपरेशनच नको. काय करू?

उत्तर : दादा, आधी बाबांना हे सांगा की त्यांच्या सर्जनने खरं तर चांगली बातमी दिलीय. ५ सेंटीमीटरवरची गाठ म्हणजे अगदी खालची, अशा गाठीला पूर्वी सरळ गुदद्वारासकट सगळं काढून कायमची पिशवी हाच उपाय असायचा, आता आतडं जोडायचे स्टेपलर आले, १९८२ मधे इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी गुदाशय त्याच्या भोवतालच्या चरबीच्या आवरणासकट अखंड काढायची पद्धत मांडली, त्यामुळे खालपर्यंत जाऊन आतडं परत जोडता येतं. पण जोडता येणं आणि तो जोड टिकणं या दोन गोष्टी आहेत.

जोड कशाने भरतो? त्याला रक्त पोचलं पाहिजे, त्याच्यावर ताण नको, आणि माणसाच्या अंगात भरून यायची ताकद पाहिजे. आता बाबांचं बघा. जोड अगदी खाली, ओटीपोटाच्या तळाशी, पुरुषांचं ओटीपोट मुळात अरुंद त्यामुळे तिथे हात आणि हत्यार दोन्ही अवघडून चालतात. त्या भागात रेडिएशन झालंय म्हणजे तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना मार बसलाय. वरून शुगर आणि इतक्या वर्षांचा तंबाखू. गुदाशयाच्या खालच्या भागावर आतड्याचं ते बाहेरचं गुळगुळीत आवरण पण नसतं जे वरच्या आतड्यावर असतं आणि जे टाके धरून ठेवायला मदत करतं. एवढी सगळी कारणं एका माणसात असताना जर सर्जन म्हणाला असता पिशवी नको तर मला जास्त काळजी वाटली असती.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पिशवी लावली म्हणून जोड जास्त चांगला भरतो असं नाही. घराचा स्लॅब टाकल्यावर सेंट्रिंग असतं ना, ते स्लॅबला मजबूत करत नाही, स्लॅब त्याच्या वेळेनेच पक्का होतो, सेंट्रिंग फक्त तोपर्यंत भार येऊ देत नाही. तसंच आहे हे. लहान आतड्याचा शेवटाकडचा एक वेढा पोटावर आणून उघडतात, त्याला लूप इलिओस्टॉमी म्हणतात, मल तिथूनच पिशवीत जातो आणि खालच्या जोडावरून काही जात नाही. मग जोडाला कुठे बारीक भोक पडलंच तर तिथून फार काही सांडत नाही, छोटा पू होतो, अँटिबायोटिकवर किंवा बाहेरून नळी घालून निभावतं. पिशवी नसेल आणि जोड फुटला, बहुतेक वेळा हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतं, तर मल ओटीपोटात, मग पोटभर पसरतो, ताप, बीपी खाली, आयसीयू, अर्ध्या रात्री परत ऑपरेशन, आणि त्या ऑपरेशनमधे पिशवी लागतेच, वर पुष्कळदा जोड सोडवून टाकावा लागतो म्हणजे तात्पुरती टाळायला गेलो आणि कायमची पदरात पडली.

स्वीडनमधे यावर एक नीट अभ्यास झालाय, २००७ मधे छापून आला, २३४ पेशंट, सगळ्यांचा जोड खालचा, चिठ्ठ्या टाकल्यासारखं निम्म्यांना पिशवी आणि निम्म्यांना नाही. पिशवीवाल्यांत त्रास देणारा लीक, म्हणजे जोड गळणं, १०० मधे साधारण १० जणांना झाला, बिनपिशवीवाल्यांत २८ जणांना. तातडीचं दुसरं ऑपरेशन पिशवीवाल्यांत १०० मधे ९ च्या आसपास, दुसऱ्या गटात २५. हे आकडे बाबांना तोंडी सांगा, कागदावर लिहून दाखवा, गावाकडचा माणूस आकडा बरोबर समजतो.

रोबोटचं म्हणाल तर रोबोटने सर्जनला दिसतं छान आणि अरुंद जागेत हत्यार वळतं छान, हे खरंय. पण जोडाला रक्त रोबोट देत नाही, रेडिएशनचा परिणाम रोबोट पुसत नाही. रोबोटने केलेल्या खालच्या जोडांना पण पिशवी लावतात, जिथे रोज ही ऑपरेशनं होतात तिथे सुद्धा लावतात.

पिशवीची दुसरी बाजू पण सांगतो, ती लपवण्यात अर्थ नाही. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, पिशवीभोवतीची कातडी सोलवटते, बंद करायला अजून एक ऑपरेशन, आणि काही जणांची ती बंद होतच नाही, त्यावर पुढे एक पत्र आहे तिथे बोलू. म्हणूनच सरसकट सगळ्यांना लावू नये. जोड जरा वर असेल, रेडिएशन झालेलं नसेल, पेशंट धडधाकट, ऑपरेशनच्या वेळी आतड्यात हवा भरून जोड पाण्याखाली तपासला आणि बुडबुडा नाही आला, हिरव्या डायने रक्तपुरवठा बघितला आणि तो चांगला दिसला, तर अनुभवी सर्जन पिशवी न लावता बाहेर येतो. पण हा निर्णय पुष्कळदा टेबलवर होतो. त्यामुळे सही करताना दोन्ही शक्यतांची तयारी ठेवून करा, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोटावर खूण करून घ्यायला विसरू नका. बाबांना उभं करून, बसवून, वाकवून बघायचं, पॅंट किंवा पायजम्याची नाडी कुठे येते, पोटाची वळी कुठे पडते, ते टाळून खूण करायची. बायकांच्या बाबतीत परकराची नाडी. चुकीच्या जागी केलेला स्टोमा, म्हणजे पोटावर आणलेलं आतड्याचं तोंड, तीन महिने रोज गळतो आणि मग माणूस पिशवीला शिव्या देतो, दोष पिशवीचा नसतो, जागेचा असतो.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचं उजव्या बाजूचं मोठं आतडं काढलं, तिथे कॅन्सर होता, आणि लहान आतडं पुढच्या आतड्याला जोडलं. पिशवी नाही लावली. शेजारच्या काकूंना लावली होती. आमच्याकडे काही राहून गेलं का?

उत्तर : नाही ताई, काही राहिलं नाही. उजव्या बाजूच्या जोडाला रक्तपुरवठा चांगला असतो, जागा मोकळी असते, ताण येत नाही, तिथे लीकचं प्रमाण खालच्या गुदाशयापेक्षा खूप कमी. ठरवून केलेल्या अशा ऑपरेशनला सहसा पिशवी लावतच नाहीत. कॅन्सर एकच पण आतड्यातली जागा वेगळी म्हणजे सगळा हिशोबच वेगळा, शेजारणीशी तुलना करू नका.

प्रश्न : मी २७ वर्षांची, नाशिकला असते, आयटीत नोकरी. सात वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होत राहण्याचा आजार) आहे, सगळी औषधं झाली, महागडी इंजेक्शनं पण झाली, आता तीन महिने स्टेरॉइड ४० मिलिग्रॅमवर आहे, हिमोग्लोबिन ८. सर्जन म्हणतात मोठं आतडं काढून लहान आतड्याची थैली करायची, जे-पाऊच, पण तीन ऑपरेशनांत, आणि मधे जवळपास वर्षभर पिशवी. नेटवर वाचलं की एकाच ऑपरेशनात पण करतात. लग्नाचं बघतायत घरचे. मी एकाच वेळी का नाही करून घेऊ?

उत्तर : बेटा, तुझी घाई मला कळते पण तुझ्या आजच्या तब्येतीवर एकाच ऑपरेशनात पाऊच करणं हा जुगार आहे आणि डावावर लागलेली गोष्ट म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांचं तुझं शौच.

हे ऑपरेशन १९७८ मधे लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या पार्क्स आणि निकल्स यांनी पहिल्यांदा मांडलं, दोन वर्षांनी जपानच्या उत्सुनोमिया यांनी थैलीला जे अक्षराचा आकार दिला, तोच आज सगळीकडे चालतो. मोठं आतडं आणि गुदाशय दोन्ही जातात, लहान आतड्याचा शेवट दुमडून थैली शिवतात आणि ती गुदद्वाराला जोडतात. म्हणजे यात एक जोड नाही, थैलीची सगळी लांब शिवण आणि खालचा जोड असं सगळं एकदम भरून यायचं असतं. ते जर फुटलं आणि ओटीपोटात पू झाला तर जीव वाचतो बहुतेक वेळा, पण ती थैली आखडते, कडक होते, नीट धरून ठेवत नाही, कधी कधी काढून टाकावी लागते. परत दुसरी थैली करणं फार अवघड. म्हणून पहिलीच चांगली झाली पाहिजे.

आणि २० मिलिग्रॅमच्या वर स्टेरॉइड दीड महिन्यापेक्षा जास्त चालू असेल तर जखमा भरत नाहीत, हे पक्कं माहीत आहे. तू ४० वर आहेस, तीन महिने, हिमोग्लोबिन ८. तुझे सर्जन म्हणतायत ते असं, पहिल्या ऑपरेशनात फक्त मोठं आतडं काढायचं, गुदाशय तसाच ठेवायचा, लहान आतडं पोटावर. त्यात आत जोड कुठलाच नाही. दोन आठवड्यात तुला भूक लागायला लागेल, स्टेरॉइड हळूहळू सुटेल, रक्त वाढेल, वजन वाढेल, मी बघितलेले कोलायटिसचे पेशंट याच टप्प्यावर सगळ्यात जास्त खुश असतात कारण सात वर्षांनी पहिल्यांदा संडास कुठे आहे हे न शोधता बाहेर पडता येतं. मग काही महिन्यांनी दुसऱ्या वेळी थैली आणि तिच्यावर संरक्षणाची पिशवी, मग तिसऱ्या वेळी पिशवी बंद.

पण तुझ्या सर्जनला एक प्रश्न नक्की विचार. दुसऱ्या वेळेला तू एकदम ठणठणीत असशील, स्टेरॉइड बंद, तर त्या वेळी थैलीवर पिशवी न लावता थेट जोडता येईल का? याला सुधारित दोन टप्प्यांची पद्धत म्हणतात, बऱ्याच मोठ्या सेंटरमधे करतात, पिशवी सुरुवातीला एकदाच आणि ऑपरेशन एक कमी. सगळ्यांना जमत नाही, सर्जनचा हात आणि त्या दिवशी जोडावर ताण किती आहे यावर असतं, पण विचारायला हक्क आहे तुझा. नेटवर जे एका टप्प्यात वाचलंस ते बहुतेक पॉलिपच्या (आतड्यात बारीक गाठी येतात त्या) आनुवंशिक आजारातल्या पेशंटबद्दल असेल, ते तरुण असतात, स्टेरॉइडवर नसतात, आतड्याला सूज नसते, त्यांचा हिशोब निराळा.

लग्नाचं म्हणशील तर एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही म्हणून मी सांगतो. गुदाशय काढायच्या ऑपरेशननंतर ओटीपोटात आतून चिकटून बसतं, बीजनलिका अडकू शकतात, दिवस राहायला वेळ लागू शकतो, दुर्बिणीने केलं तर हे कमी होतं. म्हणून काही मुली पहिलं ऑपरेशन झाल्यावर थांबतात, मूल होऊ देतात आणि मग थैली करतात. पोटावर पिशवी असताना गरोदर राहता येतं, बाळंत होता येतं. तुला असंच कर म्हणत नाहीये, पण ठरवायच्या आधी सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी बोल. आणि ज्या मुलाशी लग्न ठरेल त्याला हे सगळं आधीच माहीत असू दे, लपवून केलेल्या गोष्टीचा ताण पिशवीपेक्षा जास्त असतो.

प्रश्न : आईला (वय ६८, अहिल्यानगर) तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन करून लहान आतड्याची तात्पुरती पिशवी केली. पिशवी दिवसातून १०-१२ वेळा भरते, एकदम पाणी. आम्ही पाणी भरपूर देतोय, शहाळं देतोय, ज्यूस देतोय तरी तिला ताकद नाही, पायात गोळे येतात, लघवी कमी झालीय. बीपीच्या गोळ्या चालू आहेत. पिशवी लगेच बंद करता येईल का?

उत्तर : यांना मी मेसेज मिळाल्या मिळाल्या फोन केला होता, आई त्याच दिवशी ॲडमिट झाल्या, आता बऱ्या आहेत. पण छापतोय कारण ही तात्पुरत्या पिशवीची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात टाळता येण्यासारखी भानगड आहे, आणि डिस्चार्जच्या वेळी घाईत हे कुणी सांगत नाही.

लहान आतड्यातून उरून आलेलं पाणी शोषून घ्यायचं काम मोठं आतडं करतं. मल त्याच्या आधीच बाहेर वळवला की ते पाणी आणि त्याच्याबरोबरचं मीठ पिशवीत जातं. सुरुवातीचे काही आठवडे गेले की साधारण अर्धा ते एक लिटर, दाटसर, एवढं आलं तर ठीक. दीड लिटरच्या वर जायला लागलं की धोका. त्यामुळे घरी एक मापाचा जग ठेवा, पिशवी रिकामी करताना त्यात ओता आणि दिवसाचा आकडा वहीत लिहा, लघवीचा पण. दहा वेळा भरली यावरून काही कळत नाही, किती मिली हे कळलं पाहिजे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, तहान लागली म्हणून साधं पाणी भरपूर पाजू नका. आतड्यात साधं पाणी गेलं की अंगातलं मीठ उलटं आतड्यात ओढलं जातं आणि पिशवीतून अजून जास्त वाहून जातं, जेवढं पाजाल तेवढं वाढेल. शहाळ्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त, किडनीवर ताण आला असेल तर ते पण नको. गोड ज्यूस, चहावर चहा, तेही वाढवतात. द्यायचं ते ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, साधारण एक लिटरचं पाकीट एक लिटरमधे, थोडं थोडं दिवसभर. बाकीचे पातळ पदार्थ लिटरभराच्या आत ठेवा. जेवणात मीठ जरा जास्त, बीपी असलं तरी या काळात डॉक्टरांना विचारून जास्त. भात, केळं, साबुदाणा, बटाटा याने दाट होतं. लोपेरामाइडची, म्हणजे जुलाब कमी करणारी, गोळी जेवणाआधी अर्धा तास दिली की फरक पडतो पण डोस सर्जनने ठरवायचा.

बीपीच्या गोळ्यांचं नीट बघा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि काही प्रकारच्या बीपीच्या गोळ्या अंगात पाणी कमी असताना किडनीला इजा करतात, पिशवी केल्यावर त्या तशाच चालू राहिल्या तर क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) झपाट्याने चढतं. आपल्या मनाने बंद करू नका, पण त्याच दिवशी फोन करून विचारा. लघवी कमी, पायात गोळे, उभं राहिलं की चक्कर, असं काहीही असलं तर ओआरएस देत घरी बसायचं नाही, हॉस्पिटलला जायचं, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासायचं, सलाइन लावावं लागतं. औषधांनी कंट्रोल होत नसेल तर पिशवी लवकर बंद करायचा पर्याय असतो पण आधी किडनी सावरू द्यावी लागते.

याच ताईंनी विचारलंय की आई देवपूजा करते, आता देवघरात जाऊ का म्हणते. जाऊ दे ताई, तिचं तिला ठरवू दे. बेसप्लेट (पिशवीची कातडीला चिकटणारी चकती) स्टोमाच्या मापाची कापून नीट चिकटवली असेल तर वास येत नाही, बाहेरून कळत पण नाही.

प्रश्न : माझा भाऊ २२ वर्षांचा, आम्ही नंदुरबार जिल्ह्यातले. टायफॉइड होऊन आतडं फुटलं, रात्री इमर्जन्सी ऑपरेशन झालं आणि शुद्धीवर आला तर पोटावर पिशवी. आम्हाला कुणी नीट विचारलं नाही. आतडं शिवून का नाही टाकलं?

उत्तर : राग योग्य आहे भाऊ, रात्री दोन मिनिटं जरी कुणी बसून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण केलं ते बहुधा बरोबर केलंय.

टायफॉइडमधे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जखमा होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यातली एखादी आरपार जाते. तोपर्यंत पोरगं दोन आठवडे तापात, जेवण नाही, अंगात प्रोटीन नाही. भोक पडून जितके तास गेले तितकं पोटात मल आणि पू, आतडं सुजून ठिसूळ, टाका घातला की कापत जातो. लवकर आलेल्या, तब्येत बरी असलेल्या पेशंटमधे सर्जन भोक शिवतात आणि पिशवी टाळतात. उशीर झालेला असेल, बीपी पडलेलं असेल तर शिवलेलं परत फुटायची भीती फार, आणि दुसऱ्यांदा फुटलं की वाचणं अवघड. तेव्हा फुटलेला भाग बाहेर आणून ठेवणं हेच शहाणपणाचं. आतड्याच्या टीबीने भोक पडतं तेव्हा पण असंच करावं लागतं, आणि आपल्याकडे तात्पुरत्या पिशव्या या दोन आजारांनी पण पुष्कळ लागतात, हे शहरातल्या लोकांना माहीतच नसतं.

डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, त्यावर कुठलं आतडं बाहेर आणलंय, लूप आहे की एक तोंड, किती आतडं काढलं हे लिहिलेलं असतं, नसेल तर मागून घ्या. बंद करताना दुसरा सर्जन असू शकतो, त्याला हा कागद लागतो. भाऊ आधी खाऊन पिऊन वजनावर येऊ दे, अंडी, डाळ, दूध, साधारण दोन-तीन महिने. बंद करायचं ऑपरेशन जन आरोग्य योजनेत बसेल का हे योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला जाऊन विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या.

प्रश्न : मिस्टरांचं गुदाशयाचं ऑपरेशन होऊन नऊ महिने झाले. पिशवी तीन महिन्यांत बंद करू म्हणाले होते. मधे किमो झाली, ती पण संपली. आता प्रत्येक वेळी पुढच्या व्हिजिटला बघू म्हणतात. होणार आहे की नाही हे तरी कळावं.

उत्तर : ताई, हे न कळणं पिशवीपेक्षा जास्त त्रासाचं असतं. किमोमुळे लांबणं समजण्यासारखं आहे, किमो चालू असताना रक्तातल्या पेशी खाली असतात, जखमा भरत नाहीत, त्यामुळे बहुतेक सर्जन किमो संपून महिना-दीड महिना झाल्यावर घेतात. पण आता तारीख मागायची वेळ झालीय.

जोडाच्या तपासण्या तीनच आहेत, बोटाने तपासून जोड उघडा आहे का आणि गुदद्वाराचा स्नायू धरतो का ते बघायचं, दुर्बीण घालून जोड बघायचा, आणि खालून पाण्यात विरघळणारा डाय सोडून एक्स-रे किंवा सीटी काढायचा, बाहेर गळत नाही ना ते बघायला. शिवाय कॅन्सर कुठे पसरलेला नाही हे स्कॅनवर बघायचं. हे सगळं चांगलं असेल तर थांबायचं कारण नाही.

पण खरं सांगायचं तर गुदाशयाच्या कॅन्सरमधे तात्पुरती म्हणून केलेली पिशवी साधारण पाचातल्या एकाची बंद होत नाही. कारणं म्हणजे जोड गळका राहिला किंवा आखडला, आजार परत आला, स्नायू सैल, वय आणि हृदय-फुप्फुसं अशी की दुसरी भूल झेपणार नाही, किंवा पेशंटलाच आता सवय झाली आणि नको वाटतं. यातलं तुमच्याकडे काही आहे का हे सरळ विचारा, असेल तर का आणि नसेल तर कधी. सोबत शिकलेलं कुणी न्या आणि उत्तर लिहून घ्या. उलट्या बाजूने डेन्मार्क आणि स्वीडनमधला २०१७ चा एक अभ्यास आहे, त्यात निवडक, जोड चांगला भरलेल्या पेशंटची पिशवी ८ ते १३ दिवसांतच बंद केली आणि उशिरा केलेल्यांपेक्षा भानगडी कमी झाल्या, म्हणजे नऊ महिने ही काही आतड्याची गरज नाहीये.

बंद करायचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा छोटं, बहुतेक वेळा पिशवीच्या जागेतूनच होतं, पोट परत उघडावं लागत नाही. तरी ते ऑपरेशन आहे, जखमेत पू होणं, आतडं काही दिवस मंद राहणं, पुढे तिथे हर्निया येणं हे होऊ शकतं. मधल्या काळात मिस्टरांना गुदद्वार आवळायचा व्यायाम रोज करायला लावा, फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. खालून अधूनमधून शेंबडासारखा चिकट स्राव येतो त्याला घाबरू नका, तो आतड्याचा स्वतःचा असतो. पिशवीचं सामान, कातडीचा त्रास, याबद्दल बोलायला कुणी नसेल तर मुंबईत परळला टाटा मेमोरियलमधे स्टोमा क्लिनिक आहे, तिथल्या नर्सेसचा अनुभव मोठा आहे.

प्रश्न : पिशवी बंद होऊन दोन महिने झाले, आम्ही पेढे वाटले, पण आता बाबा दिवसातून पंधरा वेळा जातात, एकदा गेले की अर्ध्या तासात परत तीनदा, रात्री उठतात, घराबाहेर पडत नाहीत. म्हणतात पिशवी बरी होती. जोड बिघडलाय का?

उत्तर : जोड बिघडलेला असेलच असं नाही, पण एकदा तपासून घ्या, आखडला असेल तरी असंच होतं. तो ठीक असेल तर मग हा गुदाशय गेल्याचा परिणाम आहे. मल साठवून ठेवायची जागाच गेलीय, वरच्या आतड्याला ते काम येत नाही, आणि रेडिएशन झालेलं असेल तर जास्तच. ऑपरेशनच्या आधी हे सांगायला हवं असतं, तात्पुरती पिशवी निघाली की सगळं पहिल्यासारखं होईल असं लोक धरून चालतात आणि मग निराश होतात.

पहिलं वर्ष हळूहळू सुधारतं, काहींचं दोन वर्षांपर्यंत. इसबगोल कमी पाण्यात घ्यायचं म्हणजे मल बांधला जातो, लोपेरामाइड डॉक्टरांच्या सल्ल्याने, बाहेर जायच्या आधी एक घेऊन ठेवली तरी धीर येतो. तिखट, दूध, कच्चा कांदा, जास्त चहा यातलं कशाने वाढतं ते आठवडाभर लिहून बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं. जागेवर झिंक ऑक्साइडचं मलम लावा, पुसायच्या ऐवजी धुवा. एवढ्याने नाही भागलं तर खालून कोमट पाणी सोडून आतडं सकाळीच रिकामं करायची पद्धत आहे, तिचं किट मिळतं, नर्सकडून शिकून घरी करता येतं, बऱ्याच जणांचा बाकीचा दिवस मोकळा जातो. आणि दोन वर्षं सगळं करूनही बाबा घरातच कोंडून राहिले असतील तर ते जे म्हणतायत की पिशवी बरी होती, ते नीट ऐकून घ्या आणि त्यांना घेऊन सर्जनकडे जा, कायमची पिशवी हा तेव्हाचा उपचार असू शकतो. पण ते दोन वर्षांनी. आत्ता उद्या सकाळी तपासणीची अपॉइंटमेंट घ्या आणि इसबगोल सुरू करा.